हाक मारू नये

लखू,

आज अकरावा दिवस. अजूनही तुझ्या ट्रकजवळून जाताना माझे पाय आपोआप हळू पडतात. चप्पल वाजू नये म्हणून मी अंगठा घट्ट दाबून धरतो. दोन पावलं टाकल्यावर ध्यानात येतं की आता कुणाची झोप मोडणार आहे? मग तिथेच रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. परवा एका हातगाडीवाल्याने त्यावरून मला चांगलंच सुनावलं. मी कुणाचं ऐकून घेतो म्हणजे काय झालं असेल ते तूच समज.

वाचनालयातली मंडळी हस्तलिखित अंकासाठी तुझ्यावर लेख मागायला आली होती. जन्म कधी, शाळा किती, गिरणीत कधी लागला, कधी सोडली, असं सगळं नीट लिहून द्या म्हणाली. ते तात्या लिहितील, गावमंडळाचं दप्तर त्यांच्याकडेच आहे. मला त्यातलं काही सुचत नाही. मला डोळ्यांसमोर फक्त लालबागचा तो सरळ, सपाट रस्ता दिसतो. फोंडा घाटात एक चाक दरीवर तरंगत असताना तू विडी पेटवली होतीस. नदीच्या पात्रात बोनेटपर्यंत पाणी चढलं तेव्हा मी देवाचं नाव घेत होतो आणि तू इंजिनाला शिव्या देत होतास. आणि गेलास कुठे, तर आपल्या चाळीखाली, भर दिवसा, इंजीन बंद, ब्रेक ओढलेला, चाकाखाली दगडसुद्धा लावलेला. असं कुणी जातं का रे?

लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेला तो ट्रक आपल्या गावमंडळाने वर्गणी काढून आणला, तेव्हा सगळ्यात जास्त विरोध माझा होता. आठवतं ना? दोन खोल्यांत आपण चाळीस माणसं राहतो, पाळीपाळीने झोपतो, पेट्या एकावर एक रचून ठेवतो, आणि हे निघाले ट्रक घ्यायला! पण कणकवलीच्या पुढे आत, आपल्या वाडीपर्यंत एसटी जात नव्हती. इथून पाठवलेलं गाठोडं घरी पोचायला कुणीतरी गावी जाणारा गाठावा लागायचा. तो अर्ध्या वाटेवर सासुरवाडीला उतरायचा आणि गाठोडं तिथेच पडायचं. तू गिरणीतली नोकरी सोडून स्टिअरिंगवर बसलास. आणि मला म्हणालास, "गोयंदा, चारय चाका ओढतत हेची. वाट नसली तरी चलात. पण आत सामान ठेवूक कायच नाय. तू सुतार, तू बघ."

बघितलं मी. आणि बघता बघता त्यात पार बुडालो. गिरणीच्या सुतारखात्यात दिवसभर मापात काम करायचं, साहेब सांगेल तेवढंच. ट्रकमध्ये मला कुणी सांगणारं नव्हतं. सुताच्या बॉबिनच्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या जमवल्या. गावातली घरं बेचाळीस, म्हणून कप्पे बेचाळीस. बिजागऱ्या विकत कशाला आणायच्या? गिरणीतला जुना चामडी पट्टा कापून खिळ्यांनी ठोकला. तो गंजत नाही आणि खाचखळग्यांत वाजतही नाही. रॉकेलचे चौकोनी डबे उभे चिरून त्यांचे खण केले, ओढायला प्रत्येकाला एक रिकामं बॉबिन. काचसामानाला खाली सुताचा कचरा अंथरला. मागचा फाळका साखळीवर आडवा धरला की जेवायचं टेबल. नावं लिहून उपयोग नव्हता, घरी वाचणारं कोण? म्हणून प्रत्येक कप्प्याला वेगळ्या रंगाचं सूत बांधलं. वरच्या घरच्यांचं निळं, तुझ्या घरचं पिवळं, तात्यांचं तांबडं-पांढरं पिळाचं. गावातल्या बायका ट्रक थांबायच्या आधीच रंग बघून आपापल्या कप्प्यापाशी उभ्या राहायला लागल्या. त्या दिवशी मला जे वाटलं ते सुतारखात्यात वीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

तुझी अक्कलही काही कमी नव्हती, कबूल करतो. चिखलात मागची चाकं फिरत राहायची तेव्हा काथ्याचा दोर टायरला आडवा-तिडवा गुंडाळायची युक्ती तुझी. गावात दोराला काय तोटा? रुतलो की खाली उतरायचं, दोर गुंडाळायचा, बाहेर पडलो की सोडून वाळत घालायचा. सायलेन्सरच्या नळीला जर्मनच्या डब्यासाठी घडवंची ठोकून घेतलीस आणि पनवेलला घातलेला भात महाडला शिजून मिळायला लागला. त्या भाताला पेट्रोलचा वास यायचा हे मी शेवटपर्यंत म्हणत राहिलो आणि तू शेवटपर्यंत नाकारत राहिलास. यायचा रे. पण चवीने खायचो मी, हे कधी तुला सांगितलं नाही.

दारूबंदीच्या नाक्यावर त्या हवालदाराने बेचाळीसच्या बेचाळीस कप्पे उघडायला लावले होते, तो प्रसंग तर आपल्या खोलीत शंभर वेळा सांगून झाला असेल. एकात कुळथाचं पीठ, एकात सुकट, एकात सोलं, एकात कुणाची तरी नऊवारी, एकात फणसाच्या आठळ्या. तो वैतागून म्हणाला, "दारू आहे कुठे?" तू अगदी गंभीरपणे त्रेचाळिसावा कप्पा अजून केलेला नाही म्हणालास. मी मागे तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. शेवटी सुकटीच्या वासानेच त्याने आपल्याला सोडलं.

आणि मग ती सीट. लष्कराची मूळ सीट म्हणजे पत्र्यावर टाकलेलं पोतं. दोन दिवस चालवून आलास की तुझी पाठ धरायची, खोलीत यावं तर तिथे रात्रपाळीवाले ओळीने पसरलेले. झोपायला जागा नाही. मी मोडकी आरामखुर्ची आणली, तिच्या दातेरी पट्ट्या काढून तुझ्या सीटला बसवल्या. पाठ मागे पडायला लागली. काथ्या आणि सुताचा कचरा भरून गादी केली. उतारावर ट्रक उभा असला तरी माणूस कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत फळ्या दिल्या. गिरणीतल्या डागी कापडाचा पडदा लावला, तुझी टोपी अडकवायला खुंटी ठोकली. तू ती खुंटी कधीच वापरली नाहीस, टोपी डोळ्यांवर ओढूनच झोपायचास. आणि शेवटी पाटी रंगवली: ड्रायव्हर झोपला आहे. हाक मारू नये. तू हसून म्हणालास, "गोयंदा, हेका म्हणतत राजाचा थाट."

आपल्याकडे झोपलेल्या माणसाला हात लावत नाहीत. हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. एकाच जागेवर तीन पाळ्यांची तीन माणसं झोपणार, त्यात एकाची झोप मोडली तर तो गिरणीत चालत्या साच्यावर डुलक्या घेणार आणि बोट गमावून बसणार. म्हणून आपल्या खोल्यांत माणसं कुजबुजत जेवतात, भांडी चिंधीवर ठेवतात. गावाहून पहिल्यांदा आलेल्याला आधी हीच गोष्ट शिकवायची: देव उठवलास तरी चालेल, झोपलेला माणूस उठवू नकोस. माझी पाटी म्हणजे त्याच रिवाजाला दिलेला रंग. ती दिसली की अख्खी चाळ गप्प व्हायची. बायका पोरांना दटावून नळावर न्यायच्या.

आता आपल्या भांडणाचं. ते मला टाळायचं होतं, पण टाळून लिहायचं तर लिहायचंच कशाला?

मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीसाठी गिरणगाव पेटलं होतं. तू ट्रक नाक्यावर लावायचास, फाळका पाडला की सभेचं व्यासपीठ तयार. त्यावर उभं राहून कोण कोण बोलून गेलं. मला वाटायचं, फळ्या माझ्या आहेत, जरा हळू पाय आपटा. मग तो लाठीमार झाला. आपल्याच गल्लीतल्या एका विणकराचा पाय मोडला, मांडीचं हाड बाहेर आलं. त्याला तू ट्रकमध्ये घेतलास. मागे दोन्ही बाजूंना कप्पे, मधे हातभर वाट. आडवं करायला जागाच नव्हती. दोघांनी त्याला बसता धरला आणि तो परळच्या हॉस्पिटलपर्यंत ओरडत राहिला. परत आलास तेव्हा तुझा सदरा रक्ताने भिजला होता. हात न धुताच माझ्यापाशी आलास.

"गोयंदा, एका बाजूचे कप्पे काढ. बाक कर, माणूस आडवो होयत इतको."

मी म्हटलं, एकवीस घरांचं सामान मग कुठे ठेवायचं? तू म्हणालास, वर टांग, खाली ठेव, काय वाट्टेल ते कर. गावातल्या अडलेल्या बायकांनाही आणता येईल, गेल्या साली एक वाटेतच गेली. मी म्हटलं, हा मंडळाचा ट्रक आहे, दवाखाना नाही. तू खोलीतल्या सगळ्यांसमोर म्हणालास, "माणसाक आडवो करूक जागा नाय, असलो कसलो ट्रक? तुझो सगळो जीव त्या कप्प्यांत अडाकलोहा."

ते खरं होतं, म्हणून झोंबलं. मी म्हटलं, "मगे तुझ्या हातान मोड. माका सांगू नको."

तू मोडले नाहीस. माझ्याशिवाय तू एक खिळाही काढला नसतास, हे मला माहीत होतं आणि त्यावरच मी अडून बसलो. पंधरा दिवस अबोला. तू गावी निघालास तेव्हा खाली हॉर्न वाजवलास. दर खेपेला मी खिडकीत यायचो. त्या दिवशी नाही आलो.

आणि मग तो रविवार. सकाळी आठच्या सुमाराला ट्रक आला. मी वरून आवाज ओळखला. तू वर आला नाहीस, पडदा ओढलास, पाटी लावलीस. गाठोडी घ्यायला माणसं जमायला लागली. सुट्टीचा दिवस, सगळे मोकळे. तू दोन तासांत उठायचास नेहमी. दहा वाजले तरी हालचाल नाही. तात्यांनी मला गॅलरीतून खाली बोलावलं.

"गोयंदा, जरा बघ रे, उठलो काय तो."

मी ट्रकपाशी जाऊन आलो आणि सगळ्यांना सांगितलं, गाढ झोपलाय, उठवू नका. त्यावर कोण काय बोलणार? तुझा दोस्त मी, सीट केली ती मी, पाटी रंगवली ती मी. माणसं पांगली. कुणी कट्ट्यावर बसली, कुणी जेवून आली. संध्याकाळच्या सभेला ट्रक लागणार होता, तरीही कुणी ब्र काढला नाही. पोरं गोट्या खेळत होती त्यांना पलीकडच्या गल्लीत पिटाळलं. चाळीस माणसं तुझ्याभोवती, लखू, आणि सगळी तुझ्यासाठी दबक्या आवाजात बोलत होती. दुपारी चारला तात्यांचा धीर सुटला. ते पायरीवर चढले, आत हात घातला, आणि मला त्यांचा आवाज ओळखता आला नाही.

"अरे हो थंड पडलोहा रे!"

तू सीटमध्ये न कलंडता टेकून बसलेला होतास. माझ्या फळ्यांनी तुला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. एरवी माणूस कलंडला असता, खिडकीतून हात लोंबला असता, डोकं स्टिअरिंगवर आपटलं असतं, हॉर्न वाजला असता. कुणाला तरी कळलं असतं. माझं काम पक्कं, लखू. माझं काम फार पक्कं.

हॉस्पिटलमध्ये न्यायला ट्रकच हाताशी होता. समोरच्या वखारीतला ड्रायव्हर आला, तेव्हा तुला पुढून काढून मागे घ्यावं लागलं. मागे आडवं करायला जागा नव्हती. चौघांनी तुला मांडीवर बसता धरला. तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि खड्ड्यागणिक डावीकडच्या पिवळ्या सुताच्या कप्प्यावर आपटत होतं, मी हात मधे घालत होतो. त्या रात्री मी काही खाल्लं नाही, रडलोही नाही. नुसता तो ठोका ऐकू येत होता.

डॉक्टरला मी विचारलं, केव्हा गेला? तो म्हणाला, हृदय बंद पडलं, नेमकं केव्हा ते सांगता येत नाही. सकाळीही असेल, दुपारीही असेल. मी म्हटलं, दहा वाजता? तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, तुम्हाला दहाच का हवेत? मी बाहेर येऊन उभा राहिलो.

वहिनीला तार केली. ती एसटीने तिसऱ्या दिवशी पोचली, तोवर तुला नेऊन झालं होतं. उन्हाचे दिवस, ठेवता आलं नाही. तिला तुझा चेहरा बघायला मिळाला नाही. खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मग तात्यांनी तिला सांगितलं, गोविंदाने बघितलं होतं त्याला, सकाळी दहाला. तिने मान वर केली. मला विचारलं, कसे दिसत होते? आणि मी सांगितलं. शांत झोपला होता, वहिनी. टोपी डोळ्यांवर, हात मांडीवर. तोंडावर काही त्रास नव्हता. हसल्यासारखा दिसत होता.

त्यानंतर आठ दिवस मी तेच ऐकतोय. जो भेटायला येतो त्याला ती सांगते, गोविंदभावोजींनी बघितलं त्यांना, हसत होते. शेजारणींना सांगितलं, बाणगंगेवर दहाव्याला भटजींना सांगितलं. दर वेळी त्यात थोडी भर पडते. काल म्हणाली, झोपेत माझंच नाव घेत असतील. तिच्या तोंडाला त्यामुळे जरा रंग आलाय, दोन घास खाते. तेराव्यानंतर गावी जाणार. तुझी आई अंथरुणाला खिळलेली, तिलाही हेच सांगणार होती.

आज दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, भावोजी, सासूबाईंना काय सांगू ते पुन्हा एकदा नीट सांगा, माझ्याकडून काही सुटायला नको. तुम्ही खिडकीशी गेलात तेव्हा त्यांचा श्वास चालू होता ना? छाती हलताना दिसली ना?

लखू, मला खोटं रचता आलं असतं. अर्धं रचूनच झालं होतं. पण ती छातीचं विचारत होती.

मी तिला सगळं सांगितलं. दहा वाजता मी ट्रकपाशी गेलो हे खरं. खिडकी दोन हातांवर होती. पायरीवर चढून पडदा सारला असता तर तू दिसला असतास. पण मला वाटलं, हा टोपी वर करून बघेल, आणि मग आधी मला बोलावं लागेल. पंधरा दिवसांचा अबोला मी आधी का सोडू? म्हणून मी पाटीकडे बघितलं, माझ्याच अक्षराकडे, आणि मान फिरवून परत आलो. आत डोकावलो नाही. टोपी, हात, हसू, सगळं मी रचलेलं. तू जिवंत होतास की नव्हतास, मला माहीत नाही. तू दम लागून माझी वाट बघत होतास का, तेही माहीत नाही. मी फक्त चाळीस माणसांना सांगितलं, झोपलाय.

ती रडली नाही. मला वाटलं होतं बोलेल, शिव्या देईल, तोंडावर काहीतरी फेकून मारेल. मी त्यासाठी तयार होऊन बसलो होतो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. बाहेर नळावर कुणीतरी हंडा ठेवला.

मग अगदी हळू, मला नव्हे, स्वतःलाच म्हणाली,

"म्हंजे शेवटचा कोणीच बघूक नाय त्यांका."

मी म्हटलं, "नाय वयनी. कोणीच नाय."